यादीतलं तिसरं दुकान

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाव्यांचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढीशी जागा. भिंतभर खिळ्यांना कोऱ्या चाव्यांचे जुडगे, टेबलाला घट्ट बसवलेली लोखंडी पकड, आणि तिच्यापाशी लहानमोठ्या कानशी मापाने मांडून ठेवलेल्या. मी त्याच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर राहते. नाटक कंपनी सुटल्यापासून रोज सकाळी माझा पडदा त्या दुकानाच्या शटरच्या आवाजानेच वर जातो.

चावीवाला म्हणजे अंगाने मोठा, पण आवाजाने इतका बारीक की गिऱ्हाईक दोनदा विचारतं. आमच्या कंपनीच्या चौदा पेट्यांची कुलपं त्यानेच सांभाळली. एकदा पहिल्या घंटेनंतर राणीच्या दागिन्यांची पेटी उघडेना, तेव्हा हा बाबा पडद्यामागे गुडघ्यांवर बसून तारेने कुलूप उघडत होता आणि वर राणीला, म्हणजे मला, म्हणत होता, "रडू नका हो बाई, तुम्ही रडलात की माझा हात चालत नाही." हे त्याचं खरं दुखणं. कुणी रडलं की हा माणूस गेलाच.

त्याच दुखण्याने नऊ वर्षांपूर्वी त्याचा घात केला. एक बाई साबणाच्या वडीवर उमटवलेला चावीचा ठसा घेऊन आली. चावी हरवलीय, मूल आत अडकलंय, म्हणून हमसून हमसून रडली. चाव्या करणाऱ्यांचा नियम साधा आहे. मूळ चावी हातात हवी, नाहीतर दारापाशी जाऊन कुलूप बघायचं. साबणावरून चावी करायची नाही. याने केली. घर त्या बाईचं नव्हतंच. दुपारपर्यंत ते रिकामं झालं आणि संध्याकाळी चावीवाला पोलीस ठाण्यात. दोन दिवस तिथल्या बाकावर बसवून ठेवून त्याला सोडलं, कारण सामील नव्हता हे कळलं. पण तेव्हापासून तो ठाण्याचा रस्ताच टाळतो. बाजारात जायचं तर शाळेला वळसा घालून जातो, पाऊण मैल जास्त.

आणि अशा माणसाची मुलगी पोलिसांच्या छात्र पथकात जायचं म्हणाली.

मुलगी पंधरा वर्षांची. बारीक, ताठ, बोलायला टोचरी, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणतात. ठाण्यातल्या हवालदारबाई शाळेत आल्या होत्या. चौदा ते सतरा वयाच्या मुलांनी रविवारी कवायत करायची, रस्ता ओलांडायला म्हाताऱ्यांना मदत करायची, सायकलींवर नंबर कोरून द्यायचे, असं त्यांनी सांगितलं. टाचणीने तिथल्या तिथे फॉर्म घेतला. त्यावर वडिलांची सही हवी होती. चावीवाल्याने फॉर्म वाचला, घडी केली आणि चावी कापायच्या यंत्राखाली सरकवून दिला. तीन दिवस तो तिथेच पडून होता. शेवटी तिच्या आईने, दवाखान्याच्या धुलाईघरात काम करते ती, त्याला जेवताना शांतपणे विचारलं की तुम्ही घाबरता म्हणून तिनेही घाबरायचं का. त्याने सही केली. अट एकच घातली: युनिफॉर्म त्याच्या डोळ्यांसमोर नको.

म्हणून ती दर रविवारी माझ्या खोलीत येऊन कपडे बदलायची. निळा शर्ट, जाड पट्टा, टोपी. मी टोपी सरळ करायची आणि तिला हुकूम द्यायला शिकवायची. घशातून नको गं, पोटातून ओरड, शेवटच्या रांगेतल्याला ऐकू गेलं पाहिजे. दीड वर्ष हे असं छान चाललं. मला वाटलं, चला, भीती हळूहळू मुरून जाईल.

मग एका बुधवारी संध्याकाळी ती अवेळी आली. कवायतीचा दिवस नव्हता. दार लावून पाठ टेकून उभी राहिली, आणि म्हणाली, "मावशी, नाटकात पुढे काय होणार हे माहीत असतं ना तुम्हाला? मग माहीत नाही असं कसं दाखवायचं?"

मी काय, खूष. चाळीस वर्षांत कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी तिला खांदे सोडायला सांगितले. हाताला काही तरी काम दे, नजर बोलणाऱ्याच्या कपाळावर ठेव, आणि मनात म्हण की हे आधीच घडून गेलंय, आता फक्त ऐकायचंय. तिने दहा वेळा करून दाखवलं. दहाव्या वेळी मी मुद्दाम हातातली थाळी फरशीवर आपटली, तरी पोरीची पापणी लवली नाही. कशासाठी, असं मी विचारलं, तर म्हणाली, शाळेत कार्यक्रम आहे. तिचे हात मात्र गार होते. ते माझ्या लक्षात आलं आणि मी ते सोडून दिलं.

खरी गोष्ट मला पुढे दोघांकडून तुकड्यातुकड्यांनी कळली. गावात महिन्याभरात चार घरफोड्या झाल्या होत्या आणि एकाही दाराचं कुलूप तुटलं नव्हतं. म्हणजे कुणीतरी ठशावरून चाव्या करून देत होतं. बुधवारी हवालदारबाईंनी पथकातली सहा मुलं बोलावली. शनिवारी दुपारी एक मुलगी साध्या कपड्यांत, साबणाची वडी घेऊन चार दुकानांत जाईल आणि चावी करून मागेल. साध्या वेशातला एक शिपाई मागे राहील. चावी करून दिली तर दुकान बंद आणि मालक ठाण्यात. घरी कुणाला काही सांगायचं नाही, असा शब्द त्यांनी सगळ्यांकडून घेतला. शब्द घेऊन झाल्यावर यादी वाचली. तिसरं दुकान टाचणीच्या वडिलांचं.

तिने हात वर करून ते सांगून टाकलं. बाई म्हणाल्या की बरं केलंस सांगितलंस, तू शनिवारी ठाण्यातच बसायचं. पण दुकान यादीतून काढता येणार नाही. काढलं तर उद्या बाकीचे विचारतील, आमचं का नाही काढलं. आणि तू दिलेला शब्द तर आता जास्तच पाळायला हवा.

टाचणी खरी हादरली ती पुढच्या वाक्याने. दुकानांत जायला निवडली होती पथकातली रडूबाई. ही गुबगुबीत मुलगी मनात आणलं की डोळ्यांतून पाणी काढायची. पथकात सगळे तिला हसायचे, तीही हसायची.

गुरुवार, शुक्रवार टाचणीने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. बाप समोर बसून भात कालवतोय, दुकानातली एखादी गंमत सांगतोय, आणि ही त्याच्या कपाळाकडे बघून मान हलवतेय. एकदा त्याने सहज विचारलं, काय गं, गप्प का, तर तिने उठून भांडी घासायला घेतली. बोलायला तोंड उघडलं तर बाहेर काय पडेल याचा तिला भरवसा नव्हता. सांगावं, तर दिलेला शब्द गेला, पथक गेलं, आणि सावध न करताही बाप नाही म्हणाला असता का, हे तिला कधीच कळणार नव्हतं. न सांगावं, तर त्याच बाकावर नऊ वर्षांनी तो पुन्हा बसणार, आणि या वेळी लेकीच्या देखत. शुक्रवारी शाळेतून येताना ती दुकानासमोर थांबली. आत एक लहान मुलगा सायकलची चावी हरवली म्हणून डोळे पुसत होता आणि चावीवाला एक शब्दही न विचारता त्याचं कुलूप कापत होता.

शनिवारी तीन वाजता ती युनिफॉर्ममध्ये ठाण्यातल्या बाकावर बसली. पुढ्यात पत्रकांचा गठ्ठा, घड्या घालायच्या. पहिल्या दुकानातून निरोप आला, नाही म्हणाला. दुसऱ्या दुकानाचा मालक शिपायाबरोबर घामाघूम होऊन आला आणि शेजारच्या खोलीत गेला. आतून त्याचा आवाज येत होता, माझी पोरं लहान आहेत साहेब, माझी पोरं लहान आहेत. टाचणी घड्या घालत होती. मग बराच वेळ निरोपच नाही. चार वाजून गेले. नाही म्हणायला इतका वेळ लागत नाही. चावी कापायला लागतो.

मग पायऱ्यांवर पावलं वाजली, आणि त्यांच्या मागे तिने तो बारीक आवाज ओळखला.

चावीवाला दारात उभा होता. एका हाताने त्याने रडूबाईचा हात धरलेला, दुसऱ्या हातात साबणाची वडी. चेहरा पांढराफटक. रडूबाई आता खरोखर रडत होती. साध्या वेशातला शिपाई त्यांच्या मागे दहा पावलांवर येऊन, काय करावं ते न कळून, दाराबाहेरच थांबला होता. चावी करून दिली तरच मध्ये पडायचं, इतकंच त्याला सांगितलेलं.

चावीवाल्याने टेबलापाशी बसलेल्या अंमलदाराला हात जोडले. म्हणाला, "साहेब, ही पोर घर दाखवत नाही. मी म्हटलं चल, दारापाशी येऊन करतो, तर नुसती रडते. हिला कुणीतरी पाठवलंय. हिला काही करू नका, पाठवणाऱ्याला शोधा."

मग कुणीतरी हसलं, आणि हवालदारबाई लगबगीने खुर्चीतून उठल्या. त्या त्याला समजावत होत्या, बसा म्हणत होत्या, चहा मागवत होत्या. पण त्याचं लक्ष बाकाकडे गेलं होतं. तिथे त्याची मुलगी बसली होती, खांदे सोडून, हाताला काम देऊन, त्याच्या कपाळाकडे बघत. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याचं नावही नव्हतं. बापाला अचानक ठाण्यात बघून कुठली मुलगी अशी बसेल? मी तिला इतकं चांगलं शिकवलं होतं की त्या एका नजरेत त्याला सगळं समजलं.

त्याने चहा घेतला नाही. बाईंची शाबासकीही घेतली नाही. बाईंनी टाचणीला घरी जायला सांगितलं, आणि दोघं बरोबर निघाले. ती युनिफॉर्ममध्ये, तो तिच्या अर्धं पाऊल पुढे. पायऱ्या तो कठडा धरून उतरला.

कोपऱ्यावर त्याने विचारलं, कधीपासून माहीत होतं. बुधवारपासून, ती म्हणाली.

"आणि तुला वाटलं, मी करून देईन."

नाही म्हणणं सोपं होतं. "वाटलं, बाबा."

तो चालता चालता थांबला. ती म्हणते, आता हात उगारेल असं तिला वाटलं, जरी त्याने आयुष्यात तो कधी उगारला नव्हता. त्याने तळहात पुढे केला. बोटांच्या टोकांना पितळेचा बारीक कीस चिकटलेला होता.

"कोरी चावी पकडीत लावली होती मी," तो म्हणाला. "दोन दात कापूनही झाले होते. ती रडत होती, आणि मी आपला कापत होतो. मध्येच हात थांबला. का थांबला ते मला विचारू नकोस, मला माहीत नाही. आज थांबला, एवढंच."

टाचणीने टोपी काढून हातात घेतली.

घर जवळ आलं तसा तो पुन्हा बोलला, तिच्याकडे न बघता. परत कधी असं झालं, यादीत माझं दुकान आलं, तर मला सांगायचं नाही. ती म्हणाली, बरं. तो म्हणाला, बरं नाही, शब्द दे. तिने दिला, आणि देताना तिचा आवाज असा काही आला, की मी शिकवलेलं सगळं त्यात वाहून गेलं.