प्रत उपलब्ध नाही

कुंदाताई.

माझ्या नावाआधी आज जे ‘डॉ.’ लागतं ते कुणामुळे, असं कुणी विचारलं तर मी हे नाव सर्वांत आधी घ्यायला हवं. वडिलांच्याही आधी, मार्गदर्शक सरांच्याही आधी. आणि तरी माझ्या प्रबंधातल्या ऋणनिर्देशात हे नाव नाही. दीड पानाचा ऋणनिर्देश आहे तो. गोडाऊनच्या सुपरवायझरचं नाव आहे त्यात, टायपिंग करून देणाऱ्याचं आहे, चहावाल्याचंसुद्धा आहे. कुंदाताईंचं नाही. का नाही — हे मी आजवर तोंडाने कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो, पण थोडा वळसा घेऊन सांगेन. सरळ सांगायला गेलो की जीभ अडते, अजूनही.

कुंदाताई विद्यापीठाच्या ग्रंथालयात परिचर होत्या. तिसऱ्या मजल्यावर प्रबंधांची खोली होती आणि ती खोली त्यांची. आज माझे विद्यार्थी बसमध्ये बसून फोनवर प्रबंध उघडतात. तेव्हा तसं नव्हतं. प्रबंध त्या खोलीतच वाचायचा, टिपणं पेन्सिलीने घ्यायची, झेरॉक्स नाही, घरी न्यायचं तर नावच काढायचं नाही. मी कशेळीच्या एका गोडाऊनमध्ये मालाची चलनं लिहायचं काम करायचो. सुट्टी रविवारी — आणि रविवारी ग्रंथालय बंद. म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, कपड्यांवर पुठ्ठ्याच्या खोक्यांची धूळ घेऊन मी तिथे पोचायचो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कुठला तू? गाव पडघ्याच्या आत, नाव सांगून कुणाला कळणार, म्हणून मी म्हटलं, भिवंडी. त्या दिवसापासून माझं नाव तेच पडलं.

“आला का भिवंडी? आज किती ट्रक खाली केले?”

मी ट्रक खाली करत नव्हतो. पण त्यांना तो विनोद आवडायचा, आणि मलाही.

कार्डांचे खण कसे बघायचे हे त्यांनी मला शिकवलं. आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. संदर्भसूची म्हणजे काय, हे मला कॉलेजात कळलं नव्हतं ते ताईंनी सांगितलं. म्हणाल्या, प्रबंध नेहमी मागून वाच. कुणाकडनं काय घेतलं ते माणूस मागे खरं सांगतो.

मागे माणूस खरं सांगतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

माझा विषयही तुम्हाला सांगायला हवा. आमच्या गावात ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात आणि ‘नाही’ला ‘न्हाय’. अकरावीत मी निबंधात ‘न्हाय’ लिहिलं होतं. सरांनी त्याला लाल गोल केला आणि निबंध वर्गात वाचून दाखवला. सर वाईट नव्हते. पण वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून मी बाहेर ‘नाही’ म्हणायला लागलो आणि घरी ‘न्हाय’. पुढे त्याच शब्दावर मी संशोधन केलं — आमच्या भागातल्या बोलीतला नकार. पाच वर्षं गावोगाव, पाड्यापाड्यांवर फिरलो आणि मला एक गोष्ट सापडली. आमची माणसं ‘न्हाय’ दोन तऱ्हांनी म्हणतात. तोडून म्हटलं, तर विषय संपला. लांबवून म्हटलं — ‘न्हाऽऽय’ — तर अजून जागा आहे, पुन्हा विचारा. एवढंच. तुम्हाला लहान वाटेल. माझ्यासाठी ते फार मोठं होतं. ज्या शब्दाला वर्ग हसला होता, त्या शब्दात एवढी माणुसकी निघाली.

प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक ठरलेलं वाक्य असतं. मीही लिहिलं होतं — ‘प्रस्तुत विषयावर आजवर संशोधन झालेले नाही.’ लिहिताना ऊर भरून आला होता. पडघ्याच्या आतल्या गावचा, लूमवरच्या कामगाराचा मुलगा कशात तरी पहिला होता.

छपाईला तीन आठवडे होते तेव्हा कुंदाताई खालच्या कपाटातून एक प्रबंध घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. काळं रेक्झिनचं बाइंडिंग, कोपरे झिजलेले. लेखक आमच्याच तालुक्यातले एक प्राथमिक शाळेचे मास्तर, कधीच वारलेले. लेखक मास्तर म्हणून कुणीतरी प्रबंध शिक्षणशास्त्रात टाकून दिला होता, तो भाषेच्या खणात कुणाला सापडणार कसा? साफसफाई करताना ताईंना दिसला. त्यांना काय आनंद झाला होता. म्हणाल्या,

“भिवंडी, तुझ्या आधी कुणीतरी न्हायचा विचार केलाय बघ. आता तुला सोबत झाली.”

सोबत. त्या हे बोलत असताना मी काय विचार करत होतो, ते मला आठवतं. आठवू नये असं वाटतं, पण आठवतं.

ताईंचं माहेर भिवंडीजवळच्या खारबावचं. आम्ही दोघंच असलो की त्या गावच्या बोलण्यावर यायच्या. माझी रजा संपली होती हे त्यांना ठाऊक होतं. आजूबाजूला बघून त्यांनी तो प्रबंध माझ्या पिशवीत घातला. “ने घरी. सोमवारी आण. मी रजिस्टराला न्हाय लिवत.” सगळ्या नोकरीत त्यांनी हा नियम एकदाच मोडला असेल. माझ्यासाठी.

रविवारी दुपारी ओट्यावर बसून मी तो वाचला. शेजारी वडील बसले होते. लूमच्या आवाजात आयुष्य गेलं, त्यांना ऐकू कमी येतं. मास्तरांच्या प्रबंधात सगळं होतं. तोडलेलं ‘न्हाय’ होतं, लांबवलेलं ‘न्हाय’ होतं. माझ्यापेक्षा जास्त गावं, जास्त माणसं, जास्त धीराने ऐकलेली. आणि अजून एक गोष्ट. टायपिस्टला वाटलं असणार की मास्तर चुकलेत. त्याने ‘न्हाय’ दिसेल तिथे ‘नाही’ टाइप केलं होतं. मास्तरांनी प्रत्येक पानावर, प्रत्येक ठिकाणी, ते लाल शाईने खोडून हाताने पुन्हा ‘न्हाय’ लिहिलं होतं. शेकड्यांनी. माझ्या सरांनी ज्या शाईने ‘न्हाय’ चूक ठरवलं, त्याच शाईने या माणसाने ते बरोबर ठरवलं होतं — मी जन्मायच्या आधी.

काय करायला हवं होतं मी? एक वाक्य खोडायचं होतं. एक प्रकरण नव्याने लिहायचं होतं. उशीर झाला असता, कदाचित एक वर्ष. भिवंडीच्या कॉलेजातली जागा गेली असती. मी दुसरा झालो असतो. दुसरा होणं इतकं वाईट असतं का? त्या दुपारी मला वाटलं, असतं.

सोमवारी मी प्रबंध नेला नाही. ड्युटी आहे म्हणून कळवलं. पुढच्या सोमवारीही नेला नाही. मग मुलीच्या बाळंतपणासाठी ताई महिनाभर रजेवर गेल्या, आणि त्या महिन्यात मी माझा प्रबंध सादर केला. ते वाक्य तसंच ठेवून. मौखिकीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सहज विचारलं, याआधी काहीच काम झालेलं नाही का? मी म्हणालो, नाही सर. मास्तरांचा प्रबंध तेव्हा माझ्या घरी पत्र्याच्या पेटीत होता, वडिलांच्या लूमवरच्या कोऱ्या कापडात गुंडाळलेला.

पदवीआधी ‘नो ड्यूज’चा कागद लागतो. ग्रंथालयाचं काही तुमच्याकडे राहिलेलं नाही, असा दाखला. त्यावर प्रबंधांच्या खोलीची सही कुंदाताईंची. त्यांनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं,

“काय ऱ्हायलंय का रं तुझ्याकडं?”

“नाही,” मी म्हणालो. “तो प्रबंध मीच कपाटात ठेवला. तुम्ही रजेवर होतात तेव्हा.”

त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, संपलं. पण त्या हसल्या. “न्हायचा नाही झाला रं तुझा,” म्हणाल्या, आणि सही केली.

हे मी सांगायला बसलो होतो, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण माझा खरा गुन्हा याच्या पुढचा आहे.

नोकरी लागल्यावर मी पेढे घेऊन गेलो. वडिलांच्या कारखान्यातले हिंदी बोलणारे कारागीर तेव्हा त्यांना ‘डॉक्टरसाब के अब्बा’ म्हणायला लागले होते, तीही गंमत ताईंना सांगायची होती. तिसऱ्या मजल्यावर दुसराच माणूस बसला होता. कुंदाताई खाली दाराशी होत्या, बॅगा ठेवून घेऊन बिल्ले देण्याच्या काउंटरवर. मधल्या काळात पुस्तकांची मोजणी झाली होती आणि एक प्रबंध कमी भरला होता. त्याची दुसरी प्रत कुठे नव्हती. मास्तरांच्या घरची पुरात गेली होती. ताईंना मेमो मिळाला, सेवापुस्तकात नोंद झाली आणि खोली काढून घेतली. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

त्यांनी माझं नाव कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःला वाचवायला नव्हे. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून. माझी बॅग घेत त्या म्हणाल्या,

“तू ठेवला होतास ना, त्याच्या आजूबाजूचं सगळं उपसलं मी. मीच कुठंतरी भलतीकडं घातला असणार. आता लक्षात न्हाय ऱ्हात रं माझ्या.”

त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. अठ्ठावीस वर्षं ज्या हातांनी एक पान हरवू दिलं नव्हतं, त्या हातांकडे. आणि मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, “मिळेल, ताई.” आणि पेढ्यांचा पुडा पुढे केला. त्यांनी एक पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा मोठ्या नातवासाठी रुमालात बांधला.

प्रबंध लपवला तो भीतीने. पण एका बाईला मी तिच्या स्वतःच्या आठवणीवर संशय घ्यायला लावलं आणि समोर उभा राहून बघत राहिलो — त्याला कुठला शब्द आहे, मला माहीत नाही. भाषेचा डॉक्टर असून माहीत नाही. त्यानंतर मी ताईंना भेटायला कधी गेलो नाही.

बारा वर्षं गेली. मी भिवंडीत शिकवतो. एम.ए.च्या वर्गात डोंगराकडच्या पाड्यावरची एक मुलगी आहे. वडील मजुरीला जातात. ती पाड्याच्या बोलण्यावर काम करणार म्हणते. गेल्या महिन्यात ती फोन घेऊन माझ्याकडे आली. विद्यापीठाने जुने प्रबंध संगणकावर चढवलेत, त्याची यादी तिने उघडली होती.

“सर, हा बघा ना. नाव हाय, पण उघडत न्हाय.”

मास्तरांचं नाव, प्रबंधाचं नाव, आणि पुढे — ‘प्रत उपलब्ध नाही.’

ती दोनदा विद्यापीठात जाऊन आली होती, रोजच्या कामाचा दिवस मोडून. म्हणाली, तिचा आजा सांगायचा की ते मास्तर त्यांच्या ओटीवर बसून बोलणं लिहून घ्यायचे. आजा आता नाही. त्याचा आवाज कुणी भरून ठेवलेला नाही. “त्याचं बोलणं असंल त्यात,” ती म्हणाली. “कुठं गेला असंल, सर?”

असंल नव्हे, आहे. त्या पाड्याचं नाव मला पाठ आहे, बोलणाऱ्याचं आडनावही — तिचंच. चौथ्या प्रकरणात एक तरुण माणूस पावसाबद्दल, बैलाबद्दल, सावकाराबद्दल बोलतो, आणि मास्तरांनी त्याचं प्रत्येक ‘न्हाय’ लाल शाईने परत आणलं आहे. तिच्या आजाचं बोलणं बारा वर्षं माझ्या पेटीत होतं.

त्या दिवशी घरी जाऊन मी दोन पत्रं लिहिली. एक विद्यापीठाला, माझ्या पदवीचं काय करायचं ते आता त्यांच्या हातात आहे. दुसरं कुंदाताईंना. ते आधी टाकलं आणि दुसऱ्या दिवशी प्रबंध नेऊन दिला. ताईंचं पत्र असं होतं —

ती. कुंदाताई यांना,

सविनय नमस्कार.

मी भिवंडी. तुम्ही पिशवीत घालून दिलेला मास्तरांचा प्रबंध मी कधीच कपाटात ठेवला नव्हता. तो तुमच्याकडून हरवला नाही. तुम्ही भलतीकडे घातला नाही. तुमच्या लक्षात सगळं बरोबर होतं. खोटं मी बोललो — दाखल्यावर सही घेताना एकदा, आणि पेढे घेऊन आलो तेव्हा गप्प राहून दुसऱ्यांदा. तुम्हाला मेमो मिळाला तो माझा होता. तुमच्या सेवापुस्तकातली नोंद माझी आहे. हे सगळं, तुमच्या नावासह, मी विद्यापीठाला लिहून दिलं आहे. प्रबंध मी दडवून ठेवला, हेही लिहिलं आहे. उद्या तो नेऊन देतो. एकही पान गेलेलं नाही.

तुम्ही म्हणाला होतात, सोबत झाली. मला सोबत नको होती, ताई. मला पहिलं व्हायचं होतं.

सही करायच्या आधी तुम्ही मला आपल्या बोलीत विचारलं होतंत, काय ऱ्हायलंय का रं तुझ्याकडं. मी शहरातलं उत्तर दिलं. खरं उत्तर आज लिहितो.

हाय, ताई. माझ्याकडं हाय.