प्रकाशची मशीन आणि माझं ‘नको’

“भाऊजी, हे उठून नाही राहिले,” प्रकाशची बायको सुनंदावहिनी फोनवर एवढंच म्हणाली. सकाळची वेळ होती. नागपुरात हिंगणा रोडवरच्या आमच्या वर्कशॉपचं शटर मी अर्धं वर केलं होतं. “तोंडावर पाणी मारा,” मी म्हणालो. “मारलं भाऊजी...” मग मी शटर खाली ओढलं, कुलूप लावलं, ते नीट लागलं का हे नेहमीसारखं ओढून पाहिलं आणि नंदनवनला त्यांच्या घरी निघालो. वाटेत प्रत्येक सिग्नलला थांबलो, घाई करावी असं वाटलंच नाही. पुढे काही आठवडे तसंच चाललं. लोक भेटायला यायचे, खांद्यावर हात ठेवून माझ्या डोळ्यांकडे बघायचे, आणि मी त्यांना चहा घेणार का म्हणून विचारायचो. तीस वर्षांपासूनचा भागीदार गेला आणि मला काहीच होत नाही, याची मलाच भीती वाटायला लागली होती. घाटावर त्याच्या चितेसमोर उभा होतो तेव्हाही डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की त्या घ्यायच्या नव्या लेथ मशीनचं आता काय करायचं.

प्रकाश उमरेडचा, विणकराच्या घरचा. मी खाप्याकडचा, आमची संत्र्याची बाग. आयटीआयमध्ये टर्नरच्या वर्गात आम्ही शेजारी उभे राहून एकाच लेथवर हात काळे केले आणि पुढे एकत्र वर्कशॉप काढलं. स्वभावाने आम्ही अगदी उलटे. आमच्या घरी बागेत व्यापारी आला की माझे बाबा त्याचं म्हणणं पूर्ण व्हायच्या आत ‘नाही जमत’ म्हणून मोकळे होत, मग दिवसभर बोलणी चालत. तेच माझ्या अंगात उतरलं. प्रकाशच्या घरी एकदा मागावर ताणा चढवला की लुगडं उतरेपर्यंत माघार नाही, तेच त्याच्या. त्यामुळे वर्कशॉपमध्ये काहीही नवं घ्यायचं म्हटलं की मी नको म्हणायचो, तोंडात येतील ती कारणं द्यायचो, तो सगळी ऐकून घ्यायचा आणि शेवटी ती वस्तू घेऊन यायचा. मग आलेल्या पाहुण्याला ती मीच कौतुकाने दाखवत फिरायचो. कॉम्प्रेसर असाच आला, पहिली कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी लेथ अशीच आली, कूलरसुद्धा असाच आला. “तू आधी नाही म्हण गा, त्याच्याशिवाय मले दम नाही येत,” असं तो म्हणायचा. मी सांगितलेल्या प्रत्येक अडचणीवर त्याच्याजवळ तोड निघाली, की त्याची खात्री पटायची. एकदा एका जुन्या ग्राइंडिंग मशीनला मी चटकन हो म्हणालो, तर हा घाबरला. “काहून बे, तब्येत बरी नाही का तुझी?” ...आणि ती मशीन त्याने घेतलीच नाही!

या नव्या लेथचं प्रकरण मात्र मोठं होतं. मिहानमधल्या एका कंपनीसाठी आम्ही पितळेचे छोटे व्हॉल्व्ह करतो. आमच्या साध्या लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरतो आणि त्याला कापणारं टूल जागेवर असतं, त्यामुळे तिथे फक्त गोल काम होतं. आडवं भोक पाडायला तो जॉब काढून ड्रिलवर न्यायचा, एका बाजूने सपाट करायला पुन्हा काढून मिलिंगवर न्यायचा. दर वेळी नव्याने पकडायचा म्हणजे केसभर तरी इकडेतिकडे व्हायचंच, आणि कंपनीकडून माल परत यायला लागला होता. पुढचं काम पाहिजे असेल तर सगळं एकाच पकडीत करा, असं त्यांनी सांगून टाकलं. त्यासाठी लाइव्ह टूलिंगची लेथ लागते. तिच्यात टूलसुद्धा स्वतः फिरतं, जॉब जागेवर धरून ठेवला की तिथल्या तिथे भोक पडतं, सपाटी होते. ती घेतली नाही तर वर्कशॉपचं निम्मं काम जाणार होतं, आणि घेऊन ती जमली नाही तर वर्कशॉपच जाणार होतं. मी अर्थातच नको म्हणालो.

प्रकाशने खिशात आमचा व्हॉल्व्ह टाकला आणि मला घेऊन शोरूम पालथी घालायला निघाला. माहितीपत्रकं तो वाचायचाच नाही. “हे करून दाखवा,” म्हणून खिशातला जॉब टेबलावर ठेवायचा. काहींनी उद्या या म्हटलं, काहींनी दुसराच जॉब करून दाखवला, ते लगेच बाद. शेवटी पुण्यात एकाने आमच्याच पितळेवर काम सुरू केलं. बाहेरची गोलाई झाली, जॉब धरून फिरवणारा चक थांबला आणि प्रकाशने मशीनच्या दाराच्या मुठीला हात घातला. उभ्या आयुष्यात त्याने चक थांबला की जॉब काढून ड्रिलकडे नेला होता, हात आपोआप गेला. “सर, अजून संपलं नाही!” दाखवणारा इंजिनिअर ओरडला. दार आतून बंद होतं म्हणून बरं. आत एक बारीक ड्रिल गरगरत पुढे आलं, थांबलेल्या जॉबमधून आरपार गेलं, मग दुसऱ्या टूलने सपाटी मारली. प्रकाशचा हात त्या मुठीवर तसाच राहिला. मी नेहमीसारखं हसून घेतलं, पण तो हसला नाही. दुपारी मिसळ समोर आली, तर तिला तिखट नाही म्हणून नावं ठेवायलासुद्धा तो विसरला.

परतीच्या गाडीत मी माझं सगळ्यात वजनदार कारण काढलं. आमच्याकडे ड्रिलवर मंदाताई काम करतात. त्याही उमरेडच्याच, घरचे माग बंद पडल्यावर आमच्याकडे आल्या. “भोक जर लेथच पाडणार, तर मंदाताईने काय करायचं?” मी विचारलं. प्रकाश म्हणाला, “आमच्या घरचा माग उठला ना, तेव्हा बाबाले बाहेर काम भेटलं. माय मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिचे हात रिकामे झाले. दिवसभर घरापुढचा वटा झाडत राहायची, झाडलेलाच झाडायची. तसं मी मंदाताईचं होऊ देणार नाही. त्या मशीनवर तीच उभी राहील.” मी म्हणालो, “सातवीपर्यंत शिकली आहे गा ती, पॅनेलवर सगळं इंग्रजी.” त्यावर तो म्हणाला, “मी शिकवतो ना. तू सांग, दुसरं काही आहे का?” दुसऱ्या दिवसापासून चहाच्या सुटीत तो मंदाताईंना जुन्या सीएनसी लेथच्या पॅनेलसमोर उभं करायला लागला. बाई आधी लाजल्या, मग बटणांना भिऊन झालं आणि मग हळूहळू त्याच्याशी भांडायला लागल्या. भांडायला लागली म्हणजे समजून राहिलं तिले, असं त्याचं म्हणणं.

पुण्याचीच मशीन घ्यायची, हे त्याचं ठरलं होतं. फक्त माझं नको म्हणून संपायचं बाकी होतं. शेवटच्या संध्याकाळी स्कूटर काढता काढता त्याने विचारलं, “अजून काही उरलं का तुझं?” फिरत्या टूलचा होल्डर बिघडला तर दुरुस्तीला कुठे पाठवायचा, हे राहिलं होतं. पण मला भूक लागली होती, म्हणून मी उद्या सांगतो म्हणालो. “सांग मग उद्या. तुझं झालं की मी लगेच फोन लावतो,” असं म्हणून तो गेला. रोज जायचा तसाच गेला, वळून वगैरे काही पाहिलं नाही.

त्यानंतर वर्कशॉप चालूच आहे. मंदाताई चहाच्या सुटीत एकट्याच पॅनेलसमोर उभ्या राहतात, पण मला काही विचारत नाहीत. सुनंदावहिनी म्हणाली, “तुम्ही जे ठरवाल ते, भाऊजी.” सगळे तेच म्हणतात. मी बरेच दिवस काहीच ठरवलं नाही. गेल्या आठवड्यात मात्र एका सकाळी आंघोळ करताना ठरवलं, की घ्यायची. त्याच दुपारी पुण्याच्या विक्रेत्याचा फोन आला. प्रकाशबद्दल दोन शब्द चांगले बोलला आणि म्हणाला, “सर, मशीन तुमच्यासाठी धरून ठेवली आहे, लाइव्ह टूलिंगसकट. नक्की करू ना?”

“छे हो, नको,” मी म्हणालो. “एवढी मोठी आम्हाला कशाला? साधीच बरी. ते फिरतं टूल, त्याचा होल्डर बिघडला तर इथे नागपुरात कोण दुरुस्त करणार? पाठवा पुण्याला, बसा वाट पाहत. नकोच ती भानगड...” मी झपाट्याने बोलत होतो, आवाजही चांगला चढला होता. बोलून झालं आणि मी थांबलो. खरंच थांबलो होतो मी, फोन कानापासून थोडा बाजूला धरून. या ठिकाणी प्रकाश माझ्या हातातून फोन ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, “याचं नका आयकू हो, तुम्ही मशीन पाठवा.”

“ठीक आहे सर,” विक्रेता अदबीने म्हणाला. “मग मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकतो.” आणि फोन बंद झाला.

एवढ्या वर्षांत माझं नको कोणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं गेलं, आणि प्रकाश गेला हे मला तेव्हा कळलं. घाटावर नाही, तेराव्याला नाही, तेव्हा कळलं. मी केबिनमध्ये तोंडावर हात धरून बसलो. बाहेर मंदाताईंनी ड्रिल बंद केलं, पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला आणि परत गेल्या... बऱ्याच वेळाने मी पुण्याचा नंबर पुन्हा लावला.

“घ्यायची आहे,” मी म्हणालो. “लाइव्ह टूलिंगचीच.”

“नक्की ना सर?” विक्रेता गोंधळला होता. “मघाशी तर तुम्ही नको म्हणालात.”

“ते तुम्हाला नाही हो,” मी म्हणालो. “ते प्रकाशला म्हणत होतो.”