कांद्याचा पापुद्रा

नर्सने माझ्या छातीवरच्या गाठीभोवती आयोडीन लावलं आणि त्या वासासरशी मी बरखेड्याच्या आमच्या जुन्या क्वार्टरमधल्या स्वयंपाकघरात पोचले. आई कांदा चिरत होती. त्याच कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवून, त्यावर आयोडीनचा थेंब सोडत मी परीक्षेचं घोकत होते, "नवी पेशी आधीच्या पेशीतूनच तयार होते."

आईची सुरी थांबली. "म्हणजे माझी ही गाठ माझ्याच पेशींची?"

"हो. बाहेरून काही येत नाही." आपल्याला सगळं येतंय, याचाच मला केवढा आनंद!

"आणि तुझ्या पेशी गं? त्या कुठून आल्या?"

"तुझ्यातूनच की," मी हसले. आई हसली नाही. चिरलेला कांदा तसाच टाकून ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

"घर में पहले किसी को था?" नर्स विचारत होती.