मशीनच्या लक्षात राहिलेलं नाव

ऑफिसात तिला सगळे 'मेहुणी' म्हणत. तिथल्या मुख्य प्रोग्रामरच्या बायकोची ती धाकटी बहीण, आणि त्यानंच तिला तिथं चिकटवलेली. आपली बाई कितीही राबो, नाव पडलं ते दुसऱ्याच्या नात्यानं.

काम होतं औषधांच्या दुकानांत चालणाऱ्या बिलाच्या प्रोग्रामचं. प्रोग्राममध्ये काहीही बदललं की ते सर्वांच्या सामायिक कोठारात जमा करायचं. कोठार आधी नाव आणि पासवर्ड विचारी आणि जो आत शिरला त्याच्या नावावर तो बदल कायमचा चढवी. पहिल्याच दिवशी भावोजींनी तिला आपलं जुनं मशीन दिलं. त्यावर त्यांचा पासवर्ड सेव्ह केलेला होता. तिनं स्वतःचं लॉगिन मागितलं.

"कशाला उगाच वरच्यांच्या मागे लागायचं?" भावोजी म्हणाले. "चालतंय ना? मग चालू दे."

तिनं चालू दिलं. बरंच वाटलं तिला. बाकीचे पासवर्ड आठवत डोकं खाजवत बसायचे आणि हिला कोठार मुकाट्यानं आत घ्यायचं. काम कुणाचं ते सगळे बघतातच की, असं ती धरून चालली होती. भोळी कुठली! गिऱ्हाईकानं गोळ्यांची अर्धी पट्टी नेली की दुकानाच्या साठ्याचा हिशोब चुकायचा. सगळ्यांनी हात टेकलेलं ते दुखणं तिनं बरं केलं. भावोजींना त्याबद्दल बढती मिळाली. घरी पेढे आले, तिनंही एक खाल्ला.

मग माणसं कमी करायची ठरली. साहेबांनी तिला बोलावलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला.

"इतक्या वर्षांत तुमच्या नावावर एकही बदल नाही," ते म्हणाले. "तुम्ही नक्की करता काय?"

भावोजी शेजारच्याच खुर्चीत होते. एका वाक्याचं काम होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला.

"माझं मशीन भावोजींच्या लॉगिनवर चालतं," ती म्हणाली. साहेबांनी भावोजींकडे पाहिलं.

"मदत करायची ती," भावोजी म्हणाले. "अधूनमधून."

बाहेर आल्यावर त्यांनी तिला गाठलं. "बोललो असतो गं, पण घरच्या माणसाची बाजू घेतली असं झालं असतं."

ताईला तिनं सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "नोकरीला लावलं कुणी तुला? आता त्यांच्यावरच उलटतेस?" तेव्हापासून ती बहिणीशी कामापुरतं बोलू लागली. नोकरी गेली त्याचा राग एक दिवस निवला असता. 'मदत करायची' हे तिच्या घशाखाली कधीच उतरलं नाही.

थोड्याच दिवसांनी भावोजींचा फोन आला. अर्ध्या पट्टीचा हिशोब पुन्हा बिघडला होता, दुकानदार बोंबलत होते. तुमच्याच नावावर आहे, तुम्हीच बघा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात पलीकडून ताईचा आवाज आला.

"सांग ना गं. त्यांची नोकरी जाईल अशानं."

तिनं सांगितलं. कुठली ओळ, काय बदलायचं, का बदलायचं, सगळं. पलीकडे भावोजी टाइप करत होते.

"झालं," ते म्हणाले. "केलं जमा."

"पासवर्ड विचारला का कोठारानं?"

"छे. माझं नाव त्याच्या लक्षात आहे."