आरशातला डावा हात

सुमन गेल्याचा फोन तिच्या मुलानेच केला, प्रवीणने. "मावशी, आई गेली..." एवढं बोलून तो थांबला, आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं तर, "कुठी? घरीच ना?" "हो, घरीच. खुर्चीत." तेव्हा कुठे मी खाली बसले. माणूस गेल्यावर हा काय प्रश्न झाला, असं तुम्हाला वाटेल. पण सुमनचं शेवटचं सगळं भांडण त्यावरूनच होतं. सिंदेवाहीचं आपलं घर तिला सोडायचं नव्हतं.

आमची मैत्री क्रोशाची. ती बायकांना शिकवायची आणि मी जवळ बसून बोलायची, हात चालले तर चालले. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बायकांचं येणं बंद व्हायचं, म्हणून ती नमुन्यांचे कागद काढून द्यायची. लिहिणं कमी, चित्रं जास्त. साखळीच्या टाक्याला लांबट टिपका, खांबाच्या टाक्याला उभी रेघ, प्रत्येक फेरीचा रंग वेगळा, आणि सुरुवात कुठून करायची ते सांगायला मधोमध ठळक बाण. बाजूला तिच्या हाताचे फोटो चिकटवलेले. दोरा पांढरा आणि खाली फाटक्या छत्रीचं काळं कापड, म्हणजे टाका न् टाका उठून दिसावा. एकदा मी काळ्या लोकरीच्या टोपीचा फोटो तिला कौतुकाने पाठवला, तर म्हणे, "हे काय वो, तव्याचा फोटो काढला काऊन?"

मग लकव्याने तिचं उजवं अंग गेलं. बोलणं हळूहळू परत आलं, हात नाही आला. एक दिवस दूध उतू जाऊन गॅस विझला, घरभर वास. प्रवीण नागपूरहून धावत आला. वाईट नाही हो तो, घाबरला होता. म्हणाला, "आई, दिवाळीले येतो. तोवर हातानं काही करता आलं तर राहा इथी. नाई तर मी घेऊनच जातो." तो गेल्यावर सुमन मला म्हणाली, "तिथी चौथ्या माळ्यावर मी काय करू? खिडकीतून गाड्या पाहू?" भाजी चिरायला गेली तर बोट कापून घेतलं. मग क्रोशाची सुई मागितली. "मले जे येते तेच दाखवतो त्याले." उजवी मूठ आखडलेली, तिच्यात विणायचा रुमाल खोचून द्यायचा आणि सुई डाव्या हातात.

आणि तिथेच सगळं अडलं. कागद तिचेच, पण त्यातला प्रत्येक हात उजवा! फेरी जिकडे जाते त्याच्या उलटं तिला जायचं होतं. ती चित्र पाहायची, डोक्यात फिरवायची, दोन टाके घालायची आणि उसवायची. एकदा तर कागदच भिरकावला. "माह्याच हातानं काढलं न मलेच समजून नाई राह्यलं!" मी म्हटलं, मी समोर बसून दाखवते. तर म्हणाली, "अन् तू घरी गेल्यावर?" दिवाळी जवळ येत होती. मला तिच्या दारात पाय ठेवायची धास्ती वाटायची...

एका दुपारी तो कागद मी तिच्यासमोर उभा धरून होते, तर तिची नजर माझ्या मागे गेली. कपाटाच्या आरशाकडे. "शांते, हालू नको! तसाच धर, पण तिकडं तोंड करून." मी कागद आरशाकडे वळवला. आरशात तिचा तोच फोटोतला हात डावा झाला होता आणि फेरीही उलटी चालली होती. माझे दंड भरून आले, पण ती हलू देईना. मग ती एका हाताने आणि मी दोन्ही हातांनी, असं कपाटच ढकलत खुर्चीसमोर आणलं आणि कागद आरशाकडे तोंड करून खुर्चीच्या हाताला अडकवला.

दिवाळीला प्रवीण आला तो गाडी घेऊनच. आईचे कपडे बॅगेत भरू लागला. सुमन आरशात पाहत विणत राहिली. सुईवरून दोरा निसटला. पुन्हा घेतला. पुन्हा निसटला. मी मदतीला उठले तर तिने असं पाहिलं माझ्याकडे की मी परत बसले. प्रवीणही हातात पातळ घेऊन तसाच उभा. फेरी टोकाला येऊन जुळली तेव्हा तिने मान वर केली. "झालं का तुह्यं भरून?" एकेक पातळ काढून त्याने परत कपाटात ठेवलं.

गेल्या आठवड्यात तो घर आवरायला आला होता. ती गेली तेव्हा तिच्या मांडीवर होता तो रुमाल त्याने माझ्यापुढे केला. विणायचा थोडाच राहिला होता. "मावशी, पूर्ण करून द्या न. नागपूरले नेतो." मी सुई घेतली. माझा हात उजवा, तिचा टाका उलट्या दिशेचा. रुमाल उलटून धरला तर जमतं, पण मग माझ्या फेऱ्यांची मागची बाजू वर येते आणि सुमनला ते कधी चाललं नसतं. मी म्हटलं, "बाळा, हे माह्यानं नाई होत." मोकळ्या टाक्यात सेफ्टीपिन अडकवली, उसवू नये म्हणून.

त्याने रुमाल थोडा वेळ हातात धरला. मग बॅगेत न टाकता तिच्या खुर्चीवर ठेवला आणि दार ओढून घेतलं.