जावयाचं इंग्रजी आणि माझा भाव

माझ्या जावयाचं इंग्रजी चांगलं आहे, हे मी मान्य करतो. त्यापलीकडे त्याच्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीला नंदुरबारला आला तेव्हा भर पंगतीत मी ट्रकवाल्याला फोनवर सांगत होतो की माल वेडनेसडेला भरू. फोन ठेवतो न ठेवतो तोच हा म्हणाला, "बाबा, वेडनेसडे नाही, वेन्सडे. त्यातला डी म्हणायचा नसतो."

"मग लिहितात कशाला?"

"तसंच असतं. नाइफमध्ये के असतो, तोही म्हणत नाहीत."

"पाहुणे, आमच्याकडे पोत्यात असे खडे भरले तर त्याला लबाडी म्हणतात."

पंगत हसली, पण माझ्या बोलण्यावर नाही, माझ्यावर. मी गिळून घेतलं. सासऱ्याने जावयाला वाढायचं असतं, झोडायचं नसतं.

मी याच मिरचीच्या बाजारात पाठीवर पोती वाहिली आहेत. आज गावाबाहेर माझी स्वतःची पथारी आहे, म्हणजे ओली लाल मिरची पसरून वाळवायचं मोकळं रान. इतकी वर्षं माझा माल दलालामार्फतच गेला. त्या हिवाळ्यात मात्र दुबईच्या एका व्यापाऱ्याने थेट विचारणा केली. मोबाइलवर समोरासमोर बोलायचं होतं, इंग्रजीत. हा सौदा जमला असता तर दलालाच्या ओट्यावर हात बांधून बसणं कायमचं सुटणार होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, त्यासले संगे बसाडा. तुमनं इंग्रजी ऐकीसन तो पळी जाई." मी ऐकलं, दोघांना पुण्याहून बोलावून घेतलं. चूक माझी.

आमच्या बाजारात भाव सांगितला की तोंड बंद ठेवतात. देठ मोडत बसा, चहा प्या, आभाळ बघा. जो आधी बोलेल त्याचा भाव पडतो. कसलेली माणसं चहा गार होईपर्यंत गप्प बसतात. ही गोष्ट इथे कुणाला शिकवावी लागत नाही, म्हणून मी जावयालाही सांगितली नाही.

व्यापारी पडद्यावर आला. जावयाने आधी दुबईच्या हवेची चौकशी केली, मग क्रिकेटची. मला हळूच म्हणाला, "बाबा, याला ब्रेकिंग द आइस म्हणतात. आधी बर्फ फोडायचा."

"आम्ही मिरची फोडतो. बी दाखवा त्याला."

मी मिरची फोडून पडद्यापुढे धरली. व्यापाऱ्याने डोळे बारीक करून पाहिली. मी भाव सांगितला, जावयाने तो इंग्रजीत सांगितला. व्यापारी गप्प झाला. मला बरं वाटलं, माणूस आपल्यातला निघाला. मी देठ मोडायला घेतले.

जावयाला ती शांतता सोसवेना. खुर्चीत दोनदा सरकला, घसा खाकरला आणि सुंदर इंग्रजीत बोलत सुटला. सगळं मला कळलं नाही, पण त्यातला फ्लेक्झिबल हा शब्द कळला. माझ्या विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपवर तो लिहिलेला आहे. त्या पाइपचा गुण असा की वाकवाल तसा वाकतो.

मी मुलीला विचारलं, "तुन्हा नवरा काय बोली ऱ्हायना?"

तिने नवऱ्याकडे डोळे वटारले. पथारीवर वाढलेली पोर आहे, तिला समजलं होतं.

मी मोबाइल स्वतःकडे ओढला. "नो फ्लेक्झिबल. प्राइस सेम. यू थिंक, आय सिट."

व्यापारी हसला आणि माझ्याशी न बोलता जावयाशी बोलला. मग पडदा काळा झाला. जावई म्हणाला, "ही विल गेट बॅक. म्हणजे कळवतील."

कळवलं, पण पुण्याला. आठवड्याने जावयाचा फोन आला. "बाबा, मी त्यांना हो म्हणून टाकलं. थोडं खाली आलो, पण संबंध जुळले ना." आता आमच्या बाजारात घरच्या माणसाने दिलेली जबान ही घरच्या धन्याचीच जबान असते. ती मोडली तर दुसऱ्या दिवशी कुणी तुमच्या पोत्याला हात लावत नाही. मी दात आवळून, वाकलेल्या भावात, माझा पहिल्या तोडणीचा माल भरला. संबंध जुळले ते जावयाचे. माझा उरलेला माल पुन्हा त्याच दलालाच्या ओट्यावर गेला. दलालाने विचारलं, "काय शेठ, दुबईनं विमान चुकनं का?"

त्यानंतरच्या लग्नसराईत जावयाने "यू थिंक, आय सिट" माझ्या आवाजात किती मांडवांत करून दाखवलं, ते मी मोजलं नाही. माणसं पोट धरून हसतात. मुलगी म्हणते, प्रेमाने करतात हो. असेल.

यंदा दुबईचा फोन थेट मला आला. जावयाचा नंबर लागत नव्हता म्हणे. व्यापाऱ्याने विचारलं, सन-इन-लॉ आहेत का. मी म्हणालो, "नो." मग भाव सांगितला, गेल्या वर्षी सांगितला होता त्याहून चढा, आणि मोबाइल चहाच्या कपाला टेकवून ठेवला. माहेरी आलेली मुलगी दारात उभी होती. तिने पंखा बंद केला. मी देठ मोडत राहिलो. चहावर साय आली.

आधी तो बोलला.

काय ठरलं ते लिहीत नाही. जावई मराठीही वाचतात.