पियानोची यंत्रपूजा

आमच्या बमरोलीच्या गल्लीत कुणी विचारलं, तुमचा धाकटा काय करतो, तर आई सांगायची, "बाजाच्या शाळेत बसतो." बसतो म्हणे! मी दिवसभर पियानोच्या पोटात डोकं घालून तारा ताणतो, खांदे भरून येतात, आणि ही म्हणते बसतो. तिच्या लेखी काम म्हणजे लूम, कापडाचा यंत्रमाग. माझे वडील, बापू, लूमच्या शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे बिघडलेली यंत्रं चालू करून देणारे. बापू गेले, शेड उठून पलसाण्याला गेली, तरी आईचं माप तेच. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू? तिने एकदा तरी माझ्या कामाला काम म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

म्हणून यंदा दसऱ्याच्या तोंडावर तिने विचारलं, "तुना मशीननी पूजा कोन करस?" तेव्हा मी हुरळूनच गेलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांची पियानोची परीक्षा, परीक्षक बाहेरगावचे, त्यामुळे दसऱ्यालाही शाळा उघडी होती. आमच्या शाळेच्या गुजराती संचालिका बेन म्हणाल्या, "माजीने लई आवो ने," म्हणजे आईला घेऊन या ना.

आई ठेवणीतलं लुगडं नेसून, ताट घेऊन आली. मी सकाळीच सूर लावून पियानो चकाचक पुसून ठेवला होता. तिने त्याच्याभोवती एक चक्कर मारली. मी वरचं झाकण उघडून तारा दाखवल्या, तशी जरा खुलली. "हाई त ताना शे," म्हणाली. लूमवर उभे धागे ताणलेले असतात, त्याला ताना म्हणतात. इथवर सगळं बरं चाललं होतं.

तिने माझा ट्यूनिंगचा पाना, स्क्रू-ड्रायव्हर, पकडी फडक्यावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मग अक्षता. आता देव्हाऱ्यातल्या देवाला चिमूटभर पुरतात, पण आईला सवय लूमची. तिने मूठ भरली आणि पियानोच्या पट्ट्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत उधळली. ओले, कुंकवाचे तांदूळ फटींतून टपटप आत गेले. बेन फोटो काढत होत्या. मी एक पट्टी दाबली, ती अर्ध्यात अडली. शेजारची दाबली, तिचंही तेच.

मी स्क्रू-ड्रायव्हरकडे हात नेला, तर आईने मनगटच धरलं. "पूजा व्हयनी. आते हत्यारले हात नही लावाना."

झालं! पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही, हे मला काय ठाऊक नव्हतं? बापू त्या दिवशी सायकलची चेनसुद्धा बसवत नसत. पण सकाळी परीक्षा होती. बेनचा चेहरा उतरला. मी आईवर खेकसलो, "तुझ्या तांदळांपायी माझी नोकरी जाईल." तिने विचारलं, "मंग पोरेसनी परीक्षा कशी व्हई?" आणि अंबाड्यातला आकडा काढून माझ्या हातात दिला. "हाई पूजेल नही शे."

नशिबाने आमच्या उभ्या पियानोचे बरेचसे खटके हातानेच निघतात. पट्ट्यांपुढच्या लाकडी फळीला स्क्रू होते, ते तिच्या बटव्यातल्या नाण्याने काढले. मी एकेक पट्टी उचलून द्यायचो, आई मांडी घालून आकड्याने तांदूळ टोकरायची, बेन ओढणी खोचून फुंकर मारायच्या. आत कुणाचे तरी शेंगदाणे निघाले, त्यावरून आईने मला धूळ झाडत नाही म्हणून वर आणखी बोलून घेतलं. मग हळूहळू तिचे प्रश्न सुरू झाले. ही हातोडी कशाला, ही वादी तुटली तर काय? तुटली तर कोण नीट करतं? मी म्हटलं, मीच. तिने पुढची पट्टी मागितली.

सगळं बसवून झाल्यावर पट्ट्या वाजवून बघायच्या होत्या. पण ते तर यंत्र चालवणंच झालं, म्हणून मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, शेडमध्ये पूजा झाली की मुहूर्ताला यंत्र एकदा चालवायचं आणि बंद करायचं, तेवढं चालतं. बेन मालकीणबाईच्या हक्काने पुढे झाल्या, बोट पट्टीवर ठेवणार, तेवढ्यात आईने त्यांचा हात हळूच बाजूला केला.

"नही बेन. मुहूर्त शेठ नही करस, जॉबर करस." आणि मला म्हणाली, "कर रे."

मी खालच्या पट्टीपासून सुरुवात केली. एकेक करत वरपर्यंत गेलो, एकही अडली नाही. बेन मला विचारत होत्या, जॉबर एटले शुं, जॉबर म्हणजे काय? मला चांगलं ठाऊक होतं, पण मी पियानोचं झाकण लावलं आणि म्हणालो, आईला विचारा.